शनिवारची गोळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय ज्ञानेश्वरराव, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, महिला बचत गटाच्या अध्यक्ष शालूताई, सत्कारमूर्ती आदरणीय अण्णाजी साटोणे, त्यांचं मेडिकल आता ज्यांच्या हाती आलं ते कैलासभाऊ, आणि ऊन उतरायची वाट न बघता या समाजमंदिरात येऊन बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो, बंधूंनो,

मी छाया झाडे. इथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे समोर बसलेल्या निम्म्या मंडळींचे कान मी कधी ना कधी धरलेले आहेत. मास्तरणीच्या हातात माईक गेला की तो लवकर सुटत नाही, ही भीती अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मला इथूनही दिसते आहे. काळजी नसावी, ज्ञानेश्वरराव. मला खरं तर थोडकंच बोलायचं होतं. पण मघाशी शालूताईंनीच कानात सांगितलं, ‘मॅडम, थोडं लांबवा, रंभाबाई यायची आहे.’

पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची रंभाबाईची. अण्णाजींनी सत्काराला होकार देताना एकच अट घातली होती, की शाल आणि श्रीफळ कोणा पुढाऱ्याच्या हातून नको, रंभाबाईच्या हातून हवं. कारण ती त्यांच्या दुकानाची सगळ्यात नेमाची गिऱ्हाईक. तिचा मुलगा अंकुश तो बघा, दाराशी उभा आहे. आपण बसलोय त्या खुर्च्या त्याच्याच भाजीच्या गाडीतून आल्या. तो म्हणतो, ‘माय येतेच मॅडम, जराशी पडली हाये.’ येईल. तिनं द्यायची शाल इथं घडी करून ठेवलेली आहे. अण्णाजी मात्र आल्यापासून सारखे त्या खुर्चीकडे बघताहेत, हार गळ्यात पडला तेव्हाही त्यांचं लक्ष तिथंच होतं.

आता सत्कारमूर्तींविषयी. निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायची पद्धत आहे. पण अण्णाजींचा मुख्य गुण म्हणजे त्यांनी या गावाला नाही म्हटलं. खरं सांगा, या सभागृहात असं कोण आहे ज्याला अण्णाजींनी एकदा तरी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं नाही? बघा, सगळे हसताहेत. मीराबाई तर तोंडाला पदर लावून बसल्या आहेत. हसा, मीराबाई, आज मोकळं हसायचा दिवस आहे.

खुद्द अध्यक्ष महाराज एकदा सर्दी-खोकल्यासाठी जोरातली अँटिबायोटिक मागायला गेले होते. अण्णाजी म्हणाले, ‘डॉक्टरची चिठ्ठी?’ हे म्हणाले, ‘अरे, मी सरपंच हावो.’ तर अण्णाजींनी गोळ्यांचं पाकीट उचलून त्यावरची तांबडी रेघ दाखवली आणि म्हणाले, ‘ग्रामपंचायतीचा ठराव तुमच्या सहीनं होते साहेब, पण ही रेघ ज्याच्यावर हाये ते औषध डॉक्टरच्या सहीनंच निंगते.’ ज्ञानेश्वरराव आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. खोटं असेल तर अध्यक्षांनी मला थांबवावं.

माझंही ऐका. आमचे हे गेले त्या वर्षी मला झोप येत नव्हती. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या, त्या संपल्या. मी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा दुकानात गेले. अण्णाजींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, ‘याच्यावर माझा शिक्का हाये मॅडम. म्हणजे ही चिठ्ठी वापरून झाली. पुन्हा द्याचं असं डॉक्टरनं लिहिलं नाई.’ मी म्हटलं, अण्णाजी, तुमच्या मुलीला मी शिकवलंय. तर हा माणूस म्हणतो, ‘म्हणूनच तं नाई म्हणून राह्यलो.’ मी घरी येऊन रडले. राग आला होता मला, फार आला होता. पण पुढे हळूहळू झोप आपली आपण परत आली, आणि मग कळलं की त्यांनी माझं काय वाचवलं.

कायदा आपण शाळेत शिकवत नाही. तो मी अण्णाजींच्या पायरीवर शिकले. तांबड्या रेघेचं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. दिलं की शिक्का मारायचा. आणि जो माणूस ते शिकलेला आहे, ज्याचं नाव सरकारदरबारी नोंदलेलं आहे, तो फार्मासिस्ट स्वतः दुकानात हजर पाहिजे, त्याच्या नजरेखालून गोळी गेली पाहिजे. अण्णाजी जेवायला घरी गेले तर तेवढा वेळ दुकानाला कुलूप. एसटी चुकेल म्हणून लोक ओरडायचे, दार ठोकायचे. हे शांतपणे हात धुऊन, मिशी पुसून यायचे.

कैलासभाऊ, तुम्ही उठू नका, बसा. तुमच्याविषयीही दोन चांगले शब्द बोलायचे आहेत मला.

पण आधी रंभाबाईची गोष्ट सांगते, म्हणजे ती येईपर्यंत तुम्हाला कळेल की शाल तिच्याच हातून का.

रंभाबाईच्या बोटांचे सांधे कसे झाले होते, हे तुम्ही पाहिलंय. मेथीची जुडी बांधता येईना. सांभाराची, कोथिंबिरीची काडी धरवेना. अंकुशनं तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी तपासून एक बारीकशी पिवळी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एक. रोज नाही, आठवड्यातून फक्त एक. अण्णाजींनी ती चिठ्ठी वाचली आणि गोळ्या तिच्या हातात दिल्याच नाहीत. तिच्या नावाचा एक डबा केला, त्यात ते पाकीट ठेवलं, आणि म्हणाले, ‘रंभा, तू शनवारच्या बाजारले येतंच ना? तवा येजो. मी देईन.’

तेव्हापासून दर शनिवारी हा प्रकार मी पाहत आले. रंभाबाई भाजीची टोपली पायरीवर टेकवायची. अण्णाजी कात्रीनं पाकिटातली एक गोळी कापायचे, तिच्या तळहातावर ठेवायचे, तांब्यातून पाणी द्यायचे. ती गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोर उभे राहायचे. मग ती टोपली उचलून बाजारात जाऊन बसायची. काही महिन्यांत तिची बोटं अशी सुटली की जुड्या बांधण्यात सुनेला मागं टाकायची.

मी एकदा अण्णाजींना विचारलं, एवढी म्हातारी बाई, तिला पाकीट देऊन टाकायला काय होतं? ते हसले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, हे औषध आठवड्यातून एकदा खाल्लं तं माणसाले उभं करते. रोज खाल्लं तं माणसालेच खाते. तिले लिहितावाचता येत नाई. मी हावो तोवर तिचा शनवार माह्या जवळ राहू द्या.’

मी हावो तोवर. हे शब्द मी आज भाषणात वापरायचे म्हणून ठरवून आले होते. त्या वेळी ते मला नुसते सुंदर वाटले होते.

तर अण्णाजींचे डोळे अधू झाले. पाकिटावरची बारीक अक्षरं दिसेनात. ते म्हणाले, अक्षर दिसत नाही तर गल्ल्यावर बसायचं नाही. मुलगी पुण्याला, मागे चालवणारं कोणी नाही. म्हणून गेल्या महिन्यात दुकान कैलासभाऊंकडे गेलं. तरुण माणूस, हसतमुख, नवीन बोर्ड, नवे दिवे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ‘आता इथून कोणी रिकाम्या हातानं वापस जाणार नाई.’ टाळ्या वाजल्या होत्या. मीही वाजवल्या. भिंतीवर काचेच्या चौकटीत नव्या फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लागलंय, फोटोसकट. गोरासा, चष्मा घातलेला मुलगा आहे. तो प्रत्यक्षात गावाला अजून दिसायचा आहे, पण एसटीचं काय सांगता, येईल एखाद्या दिवशी.

आज सकाळी मी रंभाबाईकडे गेले होते. म्हटलं, समारंभाला माझ्यासोबत चल. तर ती बाजेवर पडलेली. तोंड आलंय म्हणाली. आतून सगळं सोललंय, पाणीसुद्धा झोंबतं. अंगात कणकण. मी म्हटलं, अगं, ऊन लागलं असेल, तूप लाव. ती म्हणाली, ‘लावलं वो मॅडम, पण थुंकीत लाल येऊन राह्यलं.’ तरी तिची हौस बघा, शालीसोबत द्यायला झेंडूचा हार तिनं पडल्या पडल्या ओवला होता. तो हा इथं टेबलावर आहे.

आणि मला म्हणाली, ‘अण्णाजी माह्यावर उगीच भरवसा ठेवत नव्हते. आता मी माही गोळी माह्या हातानं खातो. कैलासनं डबाच देऊन टाकला. बाजारले निघाली का एक तोंडात टाकतो, अण्णाजी देत तशीच.’

काय झालं, अण्णाजी?

बसा ना. सत्कारमूर्तींनी असं मध्येच उभं राहायचं नसतं. थांबा, अण्णाजी काहीतरी विचारताहेत, मागच्यांना ऐकू जाणार नाही, मी सांगते. ते विचारताहेत, रंभा बाजाराला किती वेळा जाते?

पूर्वी फक्त शनिवारच्या, आपल्या गावच्या. पण आता अंकुशनं गाडी घेतली ना. सोमवारी तिकडं, मंगळवारी समुद्रपूरकडं, बुधवारी… एक वार सुटत नाही. ही म्हातारी रोज गाडीत पुढं बसून…

रोज.

अरे देवा. रोज बाजार. रोज गोळी.

अंकुश, गाडी काढ. खुर्च्यांचं नंतर बघू. अण्णाजी, जपून, पायरी आहे. कोणीतरी त्यांचा हात धरा. तो हार राहू द्या गळ्यात, काय फरक पडतो. बाकीच्यांनी वाट मोकळी करा, दारात गर्दी करू नका. अंकुश, तिला उभी करून चालवत नेऊ नकोस, उचलून गाडीत घाल. उरलेलं पाकीट फेकू नका, सोबत न्या. थेट सेवाग्राम. अण्णाजी, मी? मी काय करू?

बोलत राहू? बरं.

मंडळी, बसा. खाली बसा सगळे. गाडी गेली. ऐका, अण्णाजींनी जाता जाता मला काही सांगितलं ते नीट सांगते. हे औषध रोज पोटात गेलं तर आत रक्त तयार व्हायचं थांबतं. सुरुवात तोंडापासून होते. तोंड येतं, हिरड्यांतून रक्त येतं, ताप येतो. दवाखान्यात यावर इंजेक्शन आहे, वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. वेळेवर म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

कैलासभाऊ, आता उभे राहा.

मी तुमच्यावर ओरडणार नाही. ओरडायची वेळ नाही ही. अण्णाजी जाताना म्हणाले, शनिवारी एक, आपल्या हातानं द्यायची, हे त्यांनी तुम्हाला बजावून सांगितलं होतं. बोला. मोठ्यानं बोला, माईक देऊ का? ते म्हणताहेत, ‘मले वाटलं ते फार्मासिस्टले सांगाचं हाये. तो आला का सांगीन म्हटलं.’

तो आला की सांगीन. ऐकलंत? सांगितलं होतं, पण सांगितलेलं ऐकायला गल्ल्यामागं कोणी नव्हतं, भिंतीवर एक फोटो होता. आणि म्हातारी शनिवारी आली तेव्हा तिला थांबवून ठेवायचं कशाला, म्हणून यांनी डबा तिच्या हातात दिला. चांगुलपणानं दिला, मला पटतं ते. त्यातल्या गोळ्या संपल्या तेव्हा तिनं रिकामं पाकीट दाखवलं आणि यांनी दुसरं दिलं, हेही तेच सांगताहेत. आठवड्याला एक खाणाऱ्या बाईचं पाकीट इतक्या लवकर कसं संपलं, हा प्रश्न विचारणारा माणूस आपण आज शाल देऊन घरी पाठवत होतो.

शालूताई, काय? हो, हो, सांगा. माझ्या तोंडाजवळ या. काय म्हणता?

मंडळी, शालूताई सांगताहेत की बचत गटाच्या बैठकीत रंभाबाईनं आपली बोटं सगळ्यांना दाखवली होती. जिचे गुडघे दुखतात, जिची कंबर धरते, तिला म्हणाली, कैलासच्या मेडिकलमधून माझी गोळी माग, तो देते. आणि बायका जाऊन रंभाबाईची गोळी म्हणून मागायला लागल्या.

कैलासभाऊ, किती जणींना दिली?

बोला ना. 

आठवत नाही म्हणतात.

बरं. मग आता मी वर्गात विचारायची तसं विचारते. लाजायचं नाही, आणि शेजारणीकडे बघायचं नाही. आपल्या घरात ज्या कोणी ती बारीक पिवळी गोळी आणली असेल, स्वतःसाठी असो, सासूसाठी असो, त्यांनी हात वर करा.

एक. विमलाबाई. अजून? अरे, ती मागची… हो, तुम्ही. रुख्मिणी, तूही? आणि तिकडं खांबाजवळ. हात खाली करू नका, मला बघू द्या.

ज्ञानेश्वरराव? अध्यक्ष महाराज, तुम्ही हात का वर केलात? … वहिनींसाठी. कधीपासून देताय? … बरं. आता बोलू नका, आधी घरी फोन लावा. सांगा, आजपासून ती गोळी बंद. सगळ्यांनी ऐका, आजपासून बंद. पाकीट घेऊन या, इथं या टेबलावर ठेवा. आणि ज्यांनी खाल्ली त्यांनी आजच्या आज दवाखाना गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. ज्याच्या घरी गाडी आहे त्यानं समाजमंदिरासमोर आणून उभी करावी. कैलासभाऊ, तुमचीही. दुकानाला कुलूप लावा आणि तुम्हीच चालवा.

आता माझं भाषण संपलं असं समजा. रीतीनं आभार मानायला हवेत. मंडप घालणाऱ्यांचे, मसालेभात शिजवणाऱ्यांचे, मला बोलायची संधी देणाऱ्या अध्यक्षांचे मी आभार मानते. सत्कारमूर्ती सभा सोडून गेले, त्यांचा सत्कार झाला नाही. ही शाल अशीच घडीत राहील. रंभाबाई आपल्या पायांनी येऊन ती उलगडेल, तोवर या गावात कोणी तिला हात लावायचा नाही. ती येईल. येईलच, असं मी म्हणते आहे, पण माझा आवाज तुम्हाला ऐकू येतोच आहे.

बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कोणाला टोचलं असेल, तर मास्तरणीची जुनी खोड समजून ते पोटात घाला.

मीराबाई, तुम्ही उठलात कशाला? तुम्ही तर हात वर केला नव्हता.

तुम्ही मघापासून, अगदी सुरुवातीपासून तोंडाला पदर लावून बसलात. सरपंचांची गंमत सांगितली तेव्हाही, आणि रंभाबाईचं सांगितलं तेव्हाही. मला वाटलं, तुम्ही हसताय.

पदर बाजूला करा बरं, मीराबाई.

कोणीतरी गाडी आणा. लवकर.